डोक्याकडची कडी

सोजरबाईनं नवऱ्याला पाणीसुद्धा दिलं नाही. इतक्या वर्षांनी माणूस दारात उभा, काखेत वळकटी, दाढी पांढरी व्हायला आलेली, आणि ही तांब्या हातात घेऊन बाहेर आली ती त्याला पाहून तशीच मागं वळली. जाता जाता दिराला म्हणाली, "भाऊजी, त्याईले म्हणा, गाड्याच्या छपरीत बसा. घरात पाय ठेवाचा नाई."

नानाजी सुतार समोरच उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं. पण त्याच्याशी थेट एक शब्द बोलायचा नाही असं सोजरबाईनं त्या उंबऱ्यावर ठरवलं होतं, आणि तिनं एकदा ठरवलं की देवही तिला हलवू शकत नसे, हे कामरगावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. नानाजी मुकाट्यानं छपरीत गेला आणि एका मोडक्या चाकाला टेकून बसला.

तो मुंबईला गेला तेव्हा त्यांचा लखीराम अजून झोळीत होता. दसऱ्याला येतो म्हणाला आणि गेला तो गेलाच. ना निरोप, ना सांगावा. पहिली काही वर्षं लोक हळहळले, मग कंटाळले, आणि मग त्यांना मजा वाटायला लागली. पाणवठ्यावर बाया म्हणत, मेला असंल. पुरुष म्हणत, मेला कायचा, ठेवली असंल एखादी. सुतारांच्या जातीत अशा बाईला दुसरा पाट लावायला मोकळीक होती. आसेगावचा रामधन, बायको वारलेला, हाताला काम असलेला, स्वभावानं गरीब, त्यानं माणसं पाठवली. एकदा नाही, पुन्हा पाठवली. सोजरबाईनं त्यांना चहापाणी केलं आणि वाटेला लावलं.

"तो जिता हाय," ती म्हणायची. "कोनं तरी अडवून ठेवला असंल त्याले. आपल्या मनानं राह्याचा नाई तो."

हे वाक्य तिनं अख्ख्या गावाशी भांडून जपलं. मानमोडीच्या साथीत लखीराम गेला, चांगला शेळ्या वळायला लागलेला पोरगा दोन रात्रीत गेला, तेव्हाही कुणीतरी बापाचं नाव काढून कुजबुजलं, तर तिनं रडणं थांबवून त्या बाईला घराबाहेर काढलं. लोकांना ते वाक्य पाठ झालं होतं. तिच्या माघारी ते तिच्या आवाजात म्हणून दाखवायचे आणि हसायचे. तिला ते ठाऊक होतं. माणसं इतकी हलकी असतात, त्याला ती तरी काय करणार.

आता नानाजी परत आला होता आणि त्याची हकिकत त्याच वाक्याला धरून होती. जातीचा म्होरक्या उकंडराव, त्याच्या ओसरीवर चार जाणती माणसं बसली, तिथं नानाजीनं सांगितलं. मुंबईच्या गोदीत एका सारंगानं, खलाशांच्या मुकादमानं, काम देतो म्हणून कागदावर अंगठा घेतला आणि 'मेहताब' नावाच्या जहाजाच्या पोटात नेऊन घातला. तिथं तो आगवाला झाला, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा. उतरू देईनात. मग लढाई लागली आणि जहाजच सरकारनं कामाला लावलं.

"खाली आग, वर कायं पाणी," तो म्हणाला. "सूर्य पाह्यला नाई मी, बापा. कोयसा टाकता टाकता जवानी गेली माई."

सांगता सांगता तो रडला. निम्मी ओसरी विरघळली.

सोजरबाई ओसरीच्या दाराआड उभी राहून ऐकत होती. हे खरं निघालं तर ती सगळ्या गावाच्या तोंडावर खरी ठरणार होती. तिची सगळी वर्षं, नाकारलेला रामधन, एकटीनं जाळलेला लखीराम, सगळ्याला अर्थ येणार होता. आणि हे खोटं निघालं तर ती जन्मभर एका खोट्या वाक्याची राखण करत बसली होती. म्हणूनच तिला ते अधाशासारखं खरं व्हायला हवं होतं, आणि म्हणूनच तिचा त्याच्यावर कवडीचा विश्वास बसत नव्हता.

दीर इंद्रभान मात्र एका क्षणातही विरघळला नाही. इतकी वर्षं घर त्याचं, दुकान त्याचं, गावातली वखरं, तिफणी, गाड्याची चाकं त्याच्याच हातची. थोरला भाऊ जिवंत निघाला म्हणजे अर्ध्याचा धनी आला. तो उठून म्हणाला, "लबाड बोलून राह्यला हा. जहाज पाह्यलं तरी हाय का यानं?"

उकंडरावानं मिशीवरून हात फिरवला. "सुतार हाय ना तो? मंग बनवून दाखव म्हणा. ज्या जहाजात जवानी गेली, ते हाताले येइनच. खरं निघालं तं जातीत घेऊ. खोटं निघालं तं गावाबाहेर. अन् घरात घ्याचं का नाई, ते सोजरबाई सांगंल."

"अन् त्यानं गफ्फारच्या दुकानातलं चित्र पाहून बनवलं तं?" इंद्रभान म्हणाला.

ही गोष्ट खरी होती. गफ्फार किराणेवाल्याच्या दुकानात, गुळाच्या ढेपांच्या वर, 'मेहताब'चं रंगीत चित्र काचेत लावलेलं होतं. त्याची म्हातारी आई, बिस्मिल्लाबी, याच जहाजानं हजला जाऊन आली होती आणि तिकीट देणाऱ्यानं ते चित्र भेट दिलं होतं. गफ्फार गिऱ्हाइकांना त्याची माहिती फुकट द्यायचा. हजचे दिवस नसले की हे जहाज आफ्रिकेला जातं, तिथं रेल्वेच्या कामाला सुतार, गवंडी, लोहार बायकापोरांसकट नेतं, वगैरे. गिऱ्हाईक तेल घेऊन केव्हाच निघून गेलेलं असायचं.

"तं मंग," उकंडराव म्हणाला, "जे त्या चित्रात नाई, तेही दाखव."

दाराआडून सोजरबाईचा आवाज आला. "भाऊजी, त्याईले म्हणा, एकही वस्तू सोडू नका."

ती काय मागत होती ते तिला पक्कं माहीत होतं. या माणसाला काही सोडता यायचंच नाही. लखीरामाच्या पहिल्या तान्ह्या पोळ्याला, पोर अजून रांगतही नव्हतं तेव्हा, यानं लाकडाचा बैल केला होता. घरच्या ढवळ्याचं एक शिंग मोडकं, तर यानं लाकडी बैलाचंही शिंग मोडकंच केलं. सणाचा बैल असा अपशकुनी कुठं असतो म्हणून सासू ओरडली. हा म्हणाला, ढवळ्याचं मोडकं हाय तं मी धडधाकट कसं करू? तो बैल अजून तिच्या पेटीत लुगड्यांच्या घडीखाली होता.

नानाजी कामाला लागला. अर्ध्या बोटाला एक हात असं माप त्यानं धरलं, आणि त्या मापानं जहाज बाजेएवढं लांब झालं. खालचं धूड सालईच्या ओंडक्यातून वाकसानं तासून काढलं, वरचं काम सागाच्या पट्ट्यांचं. कठड्याला तार, शिड्यांना बाभळीच्या कामट्या. सुरुवातीला तो एकदाच गफ्फारच्या दुकानात जाऊन चित्र पाहून आला आणि परतला तो कपाळाला आठ्या घालून.

"ते चित्र कोन्या गाढवानं काढलं हाय," तो छपरीत जमलेल्या रिकामटेकड्यांना म्हणाला. "होड्या चारच दाखवल्या. शिडी उजवीकडून हाय, त्यानं डावीकडून टाकली. जहाज पाह्यलंच नाई त्यानं."

लोक रोज येऊन बसायचे. कामाची कौतुकं करायला नव्हे, चूक धरायला. कुणी म्हणे नाक फार वर आलं, कुणी म्हणे असं बूड असतं का, पाण्यात उलटंल. यातल्या एकानंही अडाण नदीपलीकडचं पाणी पाहिलेलं नव्हतं, पण समुद्राबद्दल मत प्रत्येकाला होतं. नानाजी डोळे मिटायचा, बोटं हवेत धरून काहीतरी मोजायचा, मग पटाशी उचलायचा. वरच्या फळ्या किती, खांब किती अंतरावर, ताडपत्री कुठं बांधायची, पाण्याची टाकी कुठं, बकऱ्यांचा कोंडवाडा कुठं, त्याला सगळं हाताच्या मापासकट आठवत होतं.

सोजरबाई जात्यावरून पाहत असे. भट्टीपुढं जन्म गेला म्हणतो त्याला वर फिरून मापं घ्यायला सवड कधी मिळाली, असं एकदा तिच्या मनात आलं. तिनं तो विचार मुठीभर ज्वारीबरोबर जात्यात ढकलला.

मग धुराड्यावरून पेटलं. चित्रात दोन धुराडी होती आणि दोन्हीतून काळा धूर निघून आभाळ झाकलेलं होतं. नानाजीनंही दोन केली. पण पुढचं आतून पोकळ कोरलं आणि मागच्याला वरून झाकण बसवलं. इंद्रभानानं ते पाहिलं आणि त्याला इतका आनंद झाला की तो तसाच धावत गफ्फारच्या दुकानात गेला आणि खिळ्यावरून चित्र उतरवून घेऊन आला. गफ्फार मागून काचेची काळजी करत ओरडत येत होता.

"हे पाहा!" इंद्रभान चित्र नाचवत म्हणाला. "दोन्हीतून धूर! अन् हा म्हणते भट्टीवर होतो! भट्टीवाल्याले धुराडं मालूम नाई?"

"मागचं बंद हाय. त्याच्यातून धूर निघत नाई," नानाजी म्हणाला.

"छापलेलं खोटं अन् तू खरा?"

"हो. छापलेलं खोटं."

"थुत्! मुंबईत कोनाच्या घरी पाणी भरत होता, ते सांग ना!"

नानाजी उठला. त्याच्या हातात पटाशी होती. इंद्रभानानं कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली. गफ्फारनं आपलं चित्र छातीशी धरून दोघांच्या मधून पळ काढला, आणि बाकीच्यांनी दोघांना धरलं नसतं तर त्या दिवशी एक तरी सुतार कमी झाला असता. "उद्या पंचापुढं!" इंद्रभान किंचाळत होता. "उद्या तुया खोटेपणाचं धुराडं फोडतो!"

सोजरबाई जात्यावर तशीच बसून होती. धुराडं खोटं म्हणजे सगळं खोटं, एवढं तिलाही कळत होतं. त्या संध्याकाळी तिनं छपरीत भाकरी पाठवली नाही.

दुसऱ्या दिवशी छपरीत पाय ठेवायला जागा नव्हती. उकंडराव बाजेवर बसला. गफ्फार चित्र घेऊन आला आणि चित्राबरोबर बिस्मिल्लाबीलाही धरून घेऊन आला. सगळ्या गावात ते जहाज डोळ्यांनी पाहिलेलं दुसरं माणूसच नव्हतं. म्हातारीची कंबर वाकली होती, पण नजर अजून सुई ओवणारी होती. इंद्रभान छाती काढून उभा राहिला. चित्र घरातलंच, म्हातारी चित्राच्या बाजूनंच बोलणार, यात त्याला शंका नव्हती.

बिस्मिल्लाबी जहाजाभोवती फिरली. तिनं कठड्यावर बोट फिरवलं, शिडी पाहिली, ताडपत्रीखाली वाकून पाहिलं. मग मागच्या धुराड्यावर हात ठेवला आणि एकदम हसली.

"या अल्ला! हे तं थंडं धुराडं!"

"काय म्हणता, हज्जनबी?" उकंडराव पुढं झुकला.

"मागचं थंडंच राहे, भाऊ. नुसतं शोभेचं. त्याच्यात दोर अन् फडके ठेवत. पुढच्याले हात लावला तं भाजे, म्हणून आमी बाया साऱ्या मागच्याले टेकून बसो."

"पण चित्रात तं दोन्हीतून धूर हाय!" इंद्रभान ओरडला.

"चित्रवाला काय हजले गेला होता?" म्हातारीनं त्याला झिडकारलं. "मी पाठ टेकली हाय त्या धुराड्याले. मले शिकवून राह्यला! हे पाहा, हा नळ. हा बकऱ्याईचा कोंडवाडा. अन् इथी, या कोपऱ्यात, माई पथारी होती. इथीच!"

छपरीत एकच गलका झाला. कालपर्यंत नाकं मुरडणारे आज 'आमी म्हणतच होतो' म्हणायला लागले. इंद्रभानाचं तोंड राख फासल्यासारखं झालं. उकंडरावानं बाजेवर हात आपटला. "मानला! जहाज खरं, मानूस खरा. जातीत घेतला. सोजरबाई, आन पाणी त्याले."

सोजरबाई आत गेली. रांजणात तांब्या बुडवताना तिला हसू आवरेना आणि रडू आवरेना. तो मनानं राहिला नव्हता. त्याला अडवलं होतं. ती खरी होती. आता पाणवठ्यावर जाऊन एकेकीला नाव घेऊन ऐकवायचं, मनाशी यादीच झाली तिची. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला आपलं अंग हलकं वाटलं.

ती तांब्या घेऊन आली. नानाजी गर्दीच्या मधोमध उभा होता, लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. वाटेत जहाज होतं. तिनं ते जवळून कधी पाहिलंच नव्हतं. बिस्मिल्लाबी अजून तिथंच वाकून आपली जागा न्याहाळत होती. सोजरबाईही तिच्या शेजारी वाकली.

ताडपत्रीखाली, थंड धुराड्याच्या बाजूला, वरच्या आडव्या लाकडाला तारेच्या दोन बारीक कड्या होत्या. समोरासमोर. एक थोडी वर, एक थोडी खाली.

घरात, चुलीच्या पलीकडं, आढ्याला अशाच दोन कड्या होत्या. लखीराम झाला तेव्हा यानंच बसवल्या होत्या. गावात सगळ्यांच्या झोळ्या सरळ सपाट टांगलेल्या, पण हा म्हणाला होता, डोक्याकडची कडी अंगठाभर वर पाह्यजे, म्हणजे लेकरू दूध टाकत नाही. तेव्हा सगळे हसले होते. लखीरामानं कधी दूध टाकलं नाही. कामरगावात, किंवा दुसऱ्या कुठल्या गावात, तशा कड्या लावणारा दुसरा सुतार तिनं पाहिला नव्हता.

"हज्जनबी," ती कडीवर बोट ठेवून हळूच म्हणाली, "ह्या कड्या तुमच्या वक्ती होत्या?"

म्हातारीनं डोळे बारीक केले. "नाई वो बाई. कड्या नोहत्या. बाया लेकरं मांडीवरच घेऊन बसत, जीव जाये बिचाऱ्याईचा. हे मागून कोनं लावलं असंल, झोयी बांधाले."

"अन् आगवाले? कोयसा टाकणारे? ते इथी येऊन बसत?"

"तोबा! त्याईले वर येऊच देत नोहते. जाता येता एकाचंही तोंड दिसलं नाई आमाले."

सोजरबाईनं जहाजाच्या पोटावर बोटाचं पेर वाजवलं. बद्द आवाज आला. भरीव ओंडका. जिथं याची जवानी गेली म्हणाला, जिथं भट्टी होती, कोळसा होता, तिथं यानं पटाशीचं टोकसुद्धा घातलं नव्हतं. आणि वर, बायकापोरांच्या कोपऱ्यात, एक कडी सोडली नव्हती.

ती सरळ उभी राहिली. लोक बोलत होते, हसत होते. नानाजी मात्र तिच्याकडं पाहत होता. तिची बोटं कुठं होती ते त्यानं पाहिलं होतं. ती त्याच्यासमोर गेली आणि तो परत आल्यापासून पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाहून त्याच्याशी बोलली.

"पोट्टं होतं का पोट्टी?"

"पोट्टी," नानाजी म्हणाला.

बोलून गेला आणि मग त्याला कळलं. त्याचा हात आपोआप तोंडाकडं गेला. शेजारच्यांना काही उमगलं नाही. त्यांच्या थापा अजून चालूच होत्या. पोरगी कुठं आहे, तिची आई कोण, जहाज आफ्रिकेला कधी गेलं, यातलं काही सोजरबाईनं विचारलं नाही. तिला ते नको होतं. तिला लखीरामाची रिकामी झोळी दिसत होती आणि आसेगावची ती माणसं, चहा पिऊन खाली मान घालून निघून गेलेली. आपण किती मूर्ख होतो याची तिला चीड आली.

तिनं तांब्यातलं पाणी बैलांच्या डोणीत ओतलं. मग दिराकडं वळली, आणि तिचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा, भिंतीपलीकडच्या माणसाशी बोलावं तसा झाला.

"भाऊजी, त्याईले म्हणा, काम नंबरी झालं. काईच सोडलं नाई. आता वळकटी उचला."